घोड्याखालची जमीन

सारंगखेड्याच्या यात्रेत जाणकार गिऱ्हाईक घोड्याच्या देखणेपणाला भुलत नाही. ते आधी अंगावरचे भोवरे पाहतं, मग दात, मग पाय आणि सगळ्यात शेवटी चाल. दत्तजयंतीपासून तापीकाठी भरणाऱ्या या बाजारात रेवाल चालीचं जनावर मैदानात उतरलं की भोवती आपोआप कडं होतं. एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकदम उचलले जातात आणि पाठीवरचा स्वार पाटावर बसल्यासारखा निवांत असतो. शहाद्याच्या माझ्या भाच्याला ही चाल मोबाइलच्या पडद्यावर हवी होती. घोडा आपण हाकायचा, वाटेत पाळणे, दुकानं, गर्दी, आणि शेवटी दत्ताचं देऊळ.

त्यासाठी त्यानं गोडो हे गेम बनवायचं इंजिन निवडलं, कारण ते फुकट. अर्जेंटिनातल्या ह्वान लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सुर या दोघांनी आपल्या कामासाठी बांधलेलं हे इंजिन २०१४ मध्ये सगळ्यांना खुलं केलं. वापरा, बदला, त्यावर केलेला गेम विका; कुणाला दमडी द्यायला नको. पुण्याच्या नॉडिंग हेड्सनं २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम आणला तो अनरियल इंजिनवर. आमच्या लॅपटॉपवर अनरियल नुसतं उघडलं असतं तरी पंख्यानं मान टाकली असती. गोडोची फाईल शंभर एमबीच्या आतली. झिप सोडवायची, दोनदा टिचकी मारायची, झालं.

झालं म्हणजे, प्रकल्पांची यादी दिसली. प्रकल्प काही उघडेना. २०२३ मध्ये आलेली गोडोची चौथी आवृत्ती चित्र रंगवायला आधी व्हल्कन हे नवं ग्राफिक्स-तंत्र मागायची, आणि जुन्या ग्राफिक्स चिपच्या ते गावीही नसतं. नवा प्रकल्प करताना रेंडररच्या जागी ‘कंपॅटिबिलिटी’ निवडलं की काम जुन्या ओपनजीएलवर चालतं. एवढा एक खटका. तो कुणी दाखवला नाही म्हणून ‘आपला कॉम्प्युटरच भंगार’ असं म्हणत किती पोरांनी नाद सोडला असेल, देव जाणे.

मग घोडा आला. हिरवी जमीन आली. बटण दाबलं आणि घोडा त्या जमिनीतून आरपार सरळ खाली गेला, पडद्याबाहेर.

“मामा, घोडा खाले पडना!”

त्या जगात जमीन दिसते, म्हणून ती असते असं नाही. ते नुसतं चित्र. तिला टणकपणा वेगळा द्यावा लागतो, ‘कोलिजन शेप’ नावाची एक अदृश्य चौकट तिच्यावर बसवावी लागते; तशीच एक घोड्यालाही. विसरलं की यादीत त्या नावापुढे पिवळा त्रिकोण उमटतो. त्यावर बाण नेला तर याला आकार नाही, हा कशालाच धडकणार नाही, असं स्वच्छ लिहिलेलं असतं. फक्त इंग्रजीत. दहावीतलं पोर तो त्रिकोण पाहतं आणि आतला मजकूर वाचायच्या आधीच घाबरतं. गुरुत्वाकर्षणही तिथे एक आकडा आहे, ९८०. उडी मारायला वेग उणे चारशे, कारण तिथे खाली जाणं म्हणजे वाढणं आणि वर जाणं म्हणजे वजा होणं. सातपुड्याच्या पायथ्याशी वाढलेल्या पोराला हे पटायला वेळ लागला. तोरणमाळचा घाट चढताना कुणाला काही वजा होत असल्यासारखं वाटत नाही.

अक्षरांचं दुखणं निराळंच. व्हल्कनच्या कटकटीला कंटाळून भाचा मधे काही काळ तिसऱ्या आवृत्तीकडे गेला होता. तिथे त्यानं गावांच्या पाट्या लावल्या. ‘प्रकाशा’ लिहिलं तर पायमोडका प् एकीकडे आणि र दुसरीकडे. ‘अक्कलकुवा’चा जोड क्क उसवलेला. ‘तिकीट’मधली वेलांटी त च्या पुढे जाऊन उभी. चौथ्या आवृत्तीत ही जोडणी नीट होते, पण तिथे वेगळी गंमत. गोडोच्या स्वतःच्या टंकात देवनागरी नाही, म्हणून ते गुपचूप कॉम्प्युटरमधला टंक उसना घेतं. घरी सगळं छान दिसतं. तोच गेम ब्राउझरसाठी काढला की उसनं देणारं कुणी नसतं, आणि पाट्यांवर नुसते चौकोन. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेनं केलेला ‘मुक्त’ हा खुला टंक प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच ठेवला आणि थीममध्ये लावला, तेव्हा प्रकाशा पुन्हा प्रकाशा झालं.

चालीचं मात्र कुठल्याही पानावर उत्तर नव्हतं. नेटवर फुकट मिळणारे घोडे सगळे चौखूर उधळणारे. रेवाल कुणाला ठाऊक? शेवटी त्यानं यात्रेत एका घोडीचा व्हिडिओ काढला, एकेक चौकट थांबवून पाय गिरवले. मालक शेजारी उभा राहून सांगत होता, मागचा पाय आधी टेकतो, पुढचा किंचित मागाहून. ॲनिमेशनचा वेग गोडो आपण होऊन सेकंदाला पाच चित्रं धरतं; त्यात घोडी लंगडी वाटली. पाचाची बारा केली तेव्हा मालक म्हणाला, “आता चालली.” माझ्या लेखी गेमची परीक्षा तिथेच झाली.

मोबाइलवर न्यायला लागणारं एक्सपोर्ट टेम्प्लेटचं बाड मूळ इंजिनाच्या कितीतरी पट जड आहे. रोजच्या डेटा पॅकमध्ये ते उतरवणं म्हणजे रात्री जागणं. पण आता गोडोचा एडिटर अँड्रॉइड फोनवरही चालतो. म्हणजे धडगावच्या एखाद्या पाड्यावर, जिथे लॅपटॉप नाही पण घरात एक फोन आहे, तिथलं पोरही गेम मांडायला बसू शकतं. पावरा किंवा भिल्ल घरातलं ते पोर जे मांडेल ते पुण्या-मुंबईला सुचणार नाही, याबद्दल मला शंका नाही.

अडतं ते त्या पिवळ्या त्रिकोणातल्या इंग्रजीपाशी. गोडोच्या एडिटरचं भाषांतर स्वयंसेवक करतात, वेबलेटवर खातं उघडलं की कुणालाही त्यात हात लावता येतो, आणि भाषांच्या यादीत मराठीही आहे. ज्यांना दोन्ही भाषा येतात त्यांनी रोज चार वाक्यं जरी केली तरी पुष्कळ होईल. सुरुवात इशाऱ्यांपासून करा, मेन्यू नंतर पाहता येतील.