ऐकू येणे आणि समजणे

"आवाज त् येते, पन शब्द नाई समजत," असे बाबा एका रात्री म्हणाले, आणि आमच्या घरातील एका लांबलेल्या शोधाला प्रारंभ झाला.

आम्ही दोघेही खामगावात मराठी शिकवतो. शब्द न समजल्याची तक्रार वर्गात आमच्या सवयीची. परंतु आयुष्यभर मुलांना वाचायला शिकवलेल्या माणसाच्या तोंडून ती ऐकणे निराळे होते. आई गेल्याला तेव्हा दीड वर्ष झाले होते. टीव्ही हाच बाबांचा सोबती, आणि आता तोही त्यांच्याशी अस्पष्ट बोलू लागला होता. त्याच सुमारास अमेरिकेतल्या भाच्याने सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीचा संच आणला. 'पथेर पांचाली' बाबांनी तरुणपणी नागपुरात पाहिला होता. तो त्यांना पुन्हा दाखवायचा, आणि नीट ऐकवायचा, असे आम्ही ठरवले.

पण कशावर? ब्लू-रेच्या नकाशात जगाचे तीन विभाग आहेत: अमेरिका आणि जपान 'ए' मध्ये, युरोप 'बी' मध्ये, भारत 'सी' मध्ये. क्रायटेरियनने 2015 साली काढलेला अपू-त्रयीचा ब्लू-रे संच 'ए' विभागाचा. म्हणजे बंगालच्या खेड्यात जन्मलेला हा चित्रपट भारतासाठी बनवलेल्या प्लेअरवर चालू नये! ज्याच्या मूळ निगेटिव्ह 1993 मध्ये लंडनच्या आगीत होरपळल्या आणि ज्याचा पुनरुद्धार बोलोन्यात झाला, त्याच्या नशिबी हा आणखी एक वनवास. सुदैवाने आमचा संच 2024 चा होता. त्यात अल्ट्रा एचडी डिस्क आहेत, आणि त्या प्रकाराला विभागाचे कुलूप नसते. निवडीचा पहिला निकष असा आपोआप ठरला.

खामगावच्या दुकानदाराने आमच्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "सर, आता डिस्क कोन पाह्यते?" त्याचे तरी काय चुकले? ओप्पोने 2018 मध्ये प्लेअर बनवणे थांबवले, 2019 मध्ये सॅमसंगने या बाजारातून अंग काढून घेतले. तरी आमचा हट्ट अगदीच निराधार नव्हता. ओटीटीवरचा ध्वनी सहसा सेकंदाला काहीशे किलोबिटांत बसवलेला असतो; डिस्कवरील डॉल्बी ट्रूएचडीची मर्यादा 18 मेगाबिटांची आहे. पहिल्यात कापडाची किनार कापून ते लहान केलेले असते. दुसऱ्यात नुसती घडी घातलेली, उलगडली की कापड जसेच्या तसे.

ही घडी उलगडायची कोठे, हा खरा प्रश्न. निवृत्त झालेल्या एका सहकाऱ्याने दिलेला आमचा रिसीव्हर एचडीएमआयच्या आधीचा होता. तो ठेवायचा, तर स्वतःच ध्वनी उलगडून सहा तारांनी बाहेर देणारा महागडा प्लेअर घ्यावा लागणार. नवा रिसीव्हर घेतला, तर साधा प्लेअरही पुरतो. कारण न उलगडलेली घडी एचडीएमआयच्या तारेतून तशीच पुढे द्यायची असेल, तर स्वस्त आणि महाग प्लेअर तेच अंक पाठवतात. प्लेअरमध्ये वाचलेला पैसा आम्ही मधल्या स्पीकरवर घातला. चित्रपटांतील संवाद बहुतेक तेथूनच येतात.

पहिल्या दिवशी एका इंग्रजी युद्धपटाने घर हादरले, आणि बाबांना पूर्वीपेक्षाही कमी समजले. शुद्ध ध्वनीत कुजबुज खरोखरच कुजबुज असते आणि स्फोट खरोखरच स्फोट, हे आमच्या उत्साहात लक्षातच आले नव्हते. अधू कानांना या दोहोंमधले अंतर कमी करून हवे असते. रिसीव्हरमधील 'नाइट मोड'ने ते काम फुकट केले. प्लेअरमधील 'सेकंडरी ऑडिओ' बंद केल्याखेरीज ट्रूएचडी पुढे जातच नाही, हेही दोन आठवड्यांनी कळले. शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती यांमुळे प्रत्येक शब्द दोनदा येत होता, म्हणून आईने शिवलेल्या दोन गोधड्या मागच्या भिंतीवर टांगल्या. शेवटी खामगावच्या कापसाने जे केले, ते कोणत्याही यंत्राने केले नव्हते.

मग 'पथेर पांचाली' लावला. 1955 च्या या चित्रपटाचा ध्वनी एकपदरी! एवढ्या स्पीकरांतून केवळ मधला बोलू लागला. आमच्या साऱ्या अभ्यासाची अशी फजिती झाली, आणि आम्ही हसलो.

बाबांना बंगाली येत नाही. इंग्रजी अक्षरे वाचायचे त्यांनी लवकरच सोडून दिले. अखेरीस हरिहर परततो, दुर्गासाठी आणलेली साडी दाखवतो, आणि सर्वजयाचा बांध फुटतो. तेथे तिचे रडणे ऐकूच येत नाही; त्या जागी तारशहनाई वाजते. आम्ही बाबांकडे पाहिले. त्यांनी आवाज वाढवायला सांगितले नाही. बऱ्याच वेळाने ते आमच्यातल्या एकीला म्हणाले, "सूनबाई, एवढं पुन्हा लाव बरं."

त्या रात्री ते आम्ही तीनदा पाहिले. शब्द समजत नाही, असे बाबा एकदाही म्हणाले नाहीत.