दुसरी बॅटरी

आमच्या घरात पैसे ठेवायच्या दोन जागा होत्या. एक पत्र्याचा गल्ला आणि दुसरी अब्बांच्या बंडीच्या आतल्या खिशातली कापडी पिशवी. गल्ल्यातून घर चालायचं. मीठ-मिरची, वीजबिल, बहिणींची पुस्तकं, आजारपण, ईदचे कपडे, सगळं गल्ल्यातून. पिशवीला मात्र कुणी हात लावायचा नाही. ती पुंजी. पहाटे फळांच्या लिलावात ती बाहेर यायची आणि रात्री हिशेब झाला की तेवढीच रक्कम मोजून परत आत जायची. उरेल ते घराचं. नाही उरलं तर त्या दिवशी भाजी नाही, नुसती डाळ.

"पुंजी खाया तो सबेरे लिलाव में क्या मुंह लेको जाना?" असं अब्बा म्हणायचे.

आम्ही मंगळवेढ्याचे बागवान. फळं विकणं हा आमचा पिढीजात धंदा. अब्बांनी तीस वर्षं हातगाडी ओढली, मग टेम्पो घेतला आणि २०११ साली कर्ज काढून जुनी पिकअप घेतली. गाडी आल्यावर आमचं जग रुंद झालं. कंदरच्या बाजूची केळी, सांगोल्याची डाळिंबं, उन्हाळ्यात कलिंगडं असा माल भरायचा आणि आठवडे बाजार गाठायचा. रमजानमध्ये तर मुख्य धंदा असरनंतर. इफ्तारीसाठी खजूर, केळी, कलिंगड घ्यायला झुंबड उडायची आणि तरावीहनंतर परत एक गर्दी यायची.

रात्रीचा धंदा म्हणजे उजेड हवा. लहानपणी हातगाडीवर गॅसबत्ती असायची. पुढे बाजारात जनरेटरवाला आला. तो ओळीने वायर टाकायचा आणि दिव्यामागे पैसे घ्यायचा. दोन दिवे आणि पुकारा करायचा भोंगा धरला तर आठवड्याला चांगली रक्कम जायची. ती वाचवायची युक्ती आमच्यातल्या धाकट्यानं काढली. तो आयटीआयला वायरमन झालेला. गाडीतच बॅटरी आहे, मग जनरेटर कशाला? त्यानं बॅटरीच्या दोन टोकांना घरगुती फिटिंगची वायर जोडली, हौद्याच्या दांडीला दोन हॅलोजन बांधले, भोंग्याचा अ‍ॅम्प्लिफायर जोडला. कलिंगडं अशी लालभडक दिसायला लागली की गिऱ्हाईक लांबून वळायचं. अब्बा खूश झाले. पुंजीला त्यांनी आयुष्यात एकदाच हात लावला होता, तो धाकट्याच्या आयटीआयच्या वर्षी. "पैसा वसूल हुआ," असं ते त्या रात्री अम्मीला म्हणाल्याचं आम्ही ऐकलं होतं.

आज तो हिशेब मांडताना लाज वाटते. इतका सोपा तो आहे. हॅलोजनचा एक दिवा ५५ वॅटचा. दोन दिव्यांचे ११० आणि भोंग्याचे चाळीसेक, म्हणजे दीडशे वॅट. बारा व्होल्टच्या बॅटरीतून दीडशे वॅट घ्यायचे तर साडेबारा अँपिअर ओढावे लागतात. पाच तास बाजार चालला की ६० अँपिअर-अवरच्या वर गेले. आमची बॅटरी ७५ची, तीही तीन वर्षं वापरलेली. मग गाडी सुरू करायला उरलं काय? इंजिन चालू असतं तेव्हा अल्टरनेटर बॅटरी भरत राहतो, पण बाजारात पाच तास गाडी बंदच उभी असते. येणं शून्य, जाणं चालू.

गाडी रात्री रुसायला लागली. किल्ली फिरवली की नुसता टक् टक् आवाज. मग दोघं-तिघं धक्का द्यायचे, चढण असेल तर शेजारच्यांना हाक मारायची. आम्ही त्याला हसायचो. "बुढी हुई बेचारी," असं अब्बा गाडीला म्हणायचे. गाडी म्हातारी झाली नव्हती. रोज रात्री आम्हीच तिची पुंजी खात होतो, आणि जो माणूस पैशाच्या पुंजीला जिवापाड जपत होता तोही शेजारीच उभा होता.

२०१८चा रमजान ऐन उन्हाळ्यात आला. जूनचा पहिला आठवडा होता. आम्ही सांगोल्याला होतो. वळवाचा पाऊस पडून गेलेला, बाजाराची जागा चिखलाची. गर्दी पांगली, निम्मी कलिंगडं उरली. साडेदहाला दिवे काढले आणि किल्ली फिरवली. टक् टक्.

गाडीत माल, चाकं चिखलात. आम्ही दोघे भाऊ मागून लागलो. अब्बा चौसष्ट वर्षांचे, दिवसभराचा रोजा सोडून चार तास झालेले. तेही खांदा लावायला आले. नको म्हणालो, पण ऐकणारा माणूस नव्हे. तिसऱ्या धक्क्याला ते थांबले आणि चाकापाशी खाली बसले. आम्हाला वाटलं, दमले. बॅटरीवरच्या टॉर्चच्या उजेडात पाहिलं तर कपाळावर घाम, हात छातीवर. जबडा दुखतोय म्हणाले.

गाडी समोर उभी होती आणि तिचा काही उपयोग नव्हता. १०८ला फोन लावला, गाडी निघते असं सांगितलं गेलं. तेवढ्यात रस्त्यावर एक कांद्याचा टेम्पो थांबला आणि त्यानं आम्हाला घेतलं. त्याचं नावसुद्धा आम्ही विचारलं नाही. दवाखाना गाठेपर्यंत पाऊण तास गेला होता. तिथून रात्रीच सोलापूर. अँजिओप्लास्टी झाली, अब्बा वाचले. डॉक्टरांनी समजावून सांगितलं: हृदयाच्या ज्या भागाला तेवढा वेळ रक्त मिळालं नाही, तो भाग पहिल्यासारखा होत नाही. जपून राहायचं, ओझं उचलायचं नाही.

गाडी सुरू झाली असती तर पाऊण तास लागला नसता. मुळात धक्काच द्यावा लागला नसता. हे आम्हाला कुणी म्हणालं नाही. अब्बा तर नाहीच. पण ती वायर आम्हीच जोडली होती. कापडी पिशवीही त्या आठवड्यात रिकामी झाली.

१६ जूनला ईद झाली. शिरखुर्मा झाला, पण घरात कुणाला चव लागली नाही. ईदच्या तिसऱ्या दिवशी धाकट्यानं ती वायर उपटून अंगणात फेकली आणि स्टँडमागच्या उस्तादांकडे गेला. उस्ताद चाळीस वर्षं गाड्यांची वायरिंग करतात. त्यांनी वायर हातात घेऊन पाहिली आणि विचारलं, "घरातली आहे ना ही?" मग त्यांनी आम्हाला दोघांनाही बसवून शिकवलं.

पहिली गोष्ट त्यांनी सांगितली ती ही: बारा व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून माणूस त्याला कमी लेखतो. पण व्होल्ट कमी तितका करंट जास्त. घरात शंभर वॅटला अर्धा अँपिअरही लागत नाही, गाडीत आठ लागतात. बारीक वायर तापते, दिवा मंद होतो आणि शॉर्ट झाली तर पेटते. दुसरी गोष्ट: बॅटऱ्या दोन जातींच्या असतात. सेल्फ मारायच्या बॅटरीत पातळ प्लेटा असतात. ती क्षणभर शेकडो अँपिअर देते आणि लगेच भरून घेते. तिला हळूहळू तळापर्यंत रिकामी केली की प्लेटांवर सल्फेटचे थर बसतात आणि ती मरते. दिवे लावायला जाड प्लेटांची, ट्युब्युलर बॅटरी पाहिजे. तीही निम्मीच वापरायची.

सोलरच्या दिव्यांना लावतात तशी ८० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी आम्ही उसनवारीनं घेतली. हॅलोजन काढून दहा-दहा वॅटचे चार एलईडी घेतले. दिव्यांचे ४०, भोंग्याचे ४०, किरकोळ २०, असे शंभर वॅट. आठ अँपिअर, पाच तास, चाळीस. बरोब्बर निम्मी.

काम अंगणात केलं. अब्बा बाजेवर बसून बघत होते. बॉनेटखाली जागा नव्हती आणि इंजिनच्या धगीनं बॅटरी लवकर जाते, म्हणून केबिनच्या मागे हौद्यात लोखंडी ट्रे वेल्ड करून घेतला. त्यात बॅटरी पट्टीनं आवळली, वर झाकण आणि झाकणाला भोकं. बॅटरी भरताना हायड्रोजन निघतो, तो कोंडला आणि ठिणगी पडली तर स्फोट होतो. पहिल्या बॅटरीपासून दुसरीपर्यंत १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल ओढली. पत्र्यातून जाते तिथं रबरी बुश घातला, बाकी सगळीकडे नळी. दोन्ही टोकांना, बॅटरीपासून वीतभर अंतरावर, फ्यूज. धाकट्यानं विचारलं, दोन कशाला? उस्ताद म्हणाले, "नळाला एकच टाकी असेल तर एक कॉक पुरतो. इथं दोन्हीकडे टाकी आहे. केबल मधे कुठं घासून चासीला लागली तर दोघी मिळून आग लावतील."

अर्थिंगसाठी चासीचा रंग खरवडून लख्ख लोखंड काढलं, बोल्ट आवळून वर ग्रीस लावलं. रंगावरच आवळलं तर करंट अडतो, हे आमच्या जुन्या मंद दिव्यांचं अर्धं कारण होतं. काम सुरू करताना निगेटिव्ह आधी सोडली, संपल्यावर ती सगळ्यात शेवटी जोडली. उलट केलं आणि पॉझिटिव्हवरचा पान्हा बॉडीला लागला की पान्हाच वितळतो.

राहिली मधली वस्तू. आम्ही म्हणालो, एक साधा खटका बसवू, गाडी बंद केली की पाडायचा. स्वस्त पडेल. उस्तादांनी मान हलवली. "माणूस विसरतो. रात्री साडेदहाला तर हमखास." त्यांनी व्होल्टेज ओळखणारा रिले बसवला. इंजिन चालू झालं, पहिल्या बॅटरीचा व्होल्टेज साधारण १३.३च्या वर गेला की तो दोघींना जोडतो. मग अल्टरनेटर दोघींना भरतो. इंजिन बंद झालं, व्होल्टेज १२.८च्या खाली आला की तो तोडतो. त्यानंतर दिवे, भोंगा, सगळा भार दुसरीवर. पहिलीचा आणि बाजाराचा संबंध संपला.

गाडी सुरू केली. थोड्या वेळानं हौद्यातून 'टक्' असा आवाज आला. त्या आवाजानं अब्बा दचकले. त्यांना तो सांगोल्याचाच टक् वाटला असावा. धाकट्यानं सांगितलं, दोघी जोडल्या. मीटर लावला: पहिलीवर १४.१, दुसरीवर जवळपास तेवढाच. इंजिन बंद केलं, दिवे लावून ठेवले. जरा वेळानं परत 'टक्'.

"अब क्या बोल्या वो?" अब्बांनी विचारलं.

"बोल्या, अब पहलीकू हात नै लगाना."

अब्बा बराच वेळ दिव्यांकडे बघत राहिले. मग त्यांचा हात सवयीनं बंडीच्या आत गेला आणि रिकामाच बाहेर आला. "तो वो पुंजी, और ये गल्ला," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "मेरेकू तो मालूम था रे ये." त्या दिवशी पहिल्यांदा धाकटा त्यांच्यासमोर रडला. अब्बांनी त्याला जवळ घेतलं नाही, तशी त्यांची रीत नव्हती. त्यांनी त्याच्या हातातला पान्हा घेतला आणि फडक्यानं पुसून ठेवला.

त्या वर्षी आषाढी एकादशी २३ जुलैला होती. दरवर्षीप्रमाणे आम्ही केळी आणि खजूर घेऊन पंढरपुरात उभे राहिलो. रोज्यालाही केळी-खजूर आणि एकादशीलाही केळी-खजूर, बागवानाला दोन्ही उपास सारखेच. दिव्यांच्या दांडीला मोबाईल चार्ज करायची दोन भोकं ठेवली होती. वारकरी विचारायचे, "चाचा, जरा लावू का?" पैसे घेऊ नका, असं अब्बांनी घरूनच बजावलं होतं. फोन दुसऱ्या बॅटरीवर भरत राहायचे, पहिली शांत. रात्री आवरून किल्ली फिरवली की पहिल्याच सेल्फला इंजिन धडधडायचं. त्या मुक्कामात आम्ही कुणालाही धक्का मारायला बोलावलं नाही.

ही व्यवस्था बिनखोटीची नाही, हेही सांगायला हवं. बाजार जवळ असेल तर अर्ध्या-पाऊण तासाच्या रस्त्यात ट्युब्युलर भरत नाही. जुम्म्याच्या आदल्या रात्री तिला घरच्या चार्जरवर लावावं लागतं, महिन्या-दोन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर बघावं लागतं. राखीव ठेवणं म्हणजे एकदा ठेवून विसरणं नव्हे, हे अब्बा रोज रात्री पिशवी मोजायचे त्यावरून कळायला हवं होतं.

कापडी पिशवी परत भरायला आम्हाला दोन वर्षं लागली. अब्बा परत बाजारात उभे राहिले नाहीत. ते दारात बाजेवर बसायचे आणि रात्री गाडी आली की, विक्री किती झाली हे नंतर, आधी विचारायचे, "पुंजी कित्ती है रे?" आम्ही केबिनमधला मीटर वाचून सांगायचो, "बारा पॉइंट सहा." बारा पॉइंट सहा म्हणजे भरलेली, हे त्यांनी पाठ करून ठेवलं होतं. एकदा बारा पॉइंट दोन म्हणालो तर जेवण होईपर्यंत बोलले नाहीत.

२०२२च्या हिवाळ्यात ते गेले. गाडी अजून आहे. दोन्ही बॅटऱ्या बदलून झाल्या, रिले तोच. रात्री गाडी दारात लागते, बाज रिकामी असते. आमच्यातला जो केबिनबाहेर असतो तो विचारतो, "पुंजी कित्ती है रे?"

आतला मीटर बघतो आणि सांगतो.