ढाब्याच्या अंगणातली कुत्री

परभणी शहर संपतं तिथे ढाबे सुरू होतात. झरी-बोरीमार्गे जिंतूरला जाणारा रस्ता घ्या, वसमतचा घ्या नाहीतर गंगाखेडचा; मोकळं अंगण, प्लास्टिकच्या खुर्च्या, एखाद-दुसरी बाज, मागे तंदूर आणि टेबलांच्या मधल्या सावलीत आडवी पडलेली दोन-चार कुत्री हे चित्र सगळीकडे सारखं. या कुत्र्यांना कुणी आणलेलं नसतं आणि कुणी हाकलतही नाही. सकाळी अंगण झाडायला घेतलं की ती उठून बाजूला होतात आणि पहिली गाडी थांबली की परत येतात. त्यांतल्या एखाद्याला नाव असतं, बाकीची नुसती 'ढाब्याची'.

मुंबई-पुण्यात अशा सोबतीची आता पाटी लागते. पुण्यात 2009 मध्ये बिअरपासून सुरुवात केलेल्या 'डूलाली'च्या मुंबईतल्या टॅपरूममध्ये पाळीव कुत्री मालकांबरोबर येऊन बसतात. अनेक कॅफेंमध्ये कुत्र्यांसाठी पाण्याचं भांडं तयार असतं, काही ठिकाणी वेगळा पदार्थही मिळतो. परभणीच्या कडेला कारेगाव रोड, वसमत रोड अशा बाजूंना बंगल्यांच्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या आणि त्यांच्या फाटकांमागे लॅब्रॅडोर, पग, पॉमेरेनियन दिसू लागले. अलीकडे तर हस्कीसुद्धा. रविवारी संध्याकाळी घरचे सगळे जेवायला बाहेर निघतात आणि जाळीतून बघणाऱ्या त्या जिवाला एकटं ठेवून जाणं जड जातं. त्यामुळे पशुवैद्यकाकडे लस द्यायला आलेल्या कुटुंबाकडून आता हमखास विचारणा होते: "डॉक्टर, याला घेऊन जाता येईल असं एखादं हॉटेल आहे का हो आपल्याकडे?"

आहे, आणि ते फार पूर्वीपासून आहे, असं माझं उत्तर असतं. मात्र तिथे आधीपासून राहणाऱ्या कुत्र्यांचा विचार केल्याशिवाय घरच्या कुत्र्याला तिथे नेता येत नाही. हा लेख त्या आधीच्या कुत्र्यांसाठी आहे.

आधी कायद्याचं बघू. अन्नसुरक्षा कायद्याखालच्या 2011 च्या परवाना व नोंदणी नियमांमध्ये अनुसूची 4 आहे. त्यात कीड-नियंत्रणाच्या भागात जनावरं, पक्षी आणि पाळीव प्राणी अन्न-आस्थापनेच्या आवारात येऊ देऊ नयेत असं सांगितलं आहे. त्याचं कारण योग्यच आहे: केस, लाळ, विष्ठा आणि त्यांबरोबर येणारे जंत स्वयंपाकापर्यंत पोहोचता कामा नयेत. म्हणून कुत्र्याची जागा स्वयंपाकघरापासून आणि वाढपाच्या वाटेपासून पूर्णपणे तोडलेली असायला हवी. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने 1 जानेवारी 2015 पासून उपाहारगृहांच्या उघड्या अंगणात कुत्र्यांना परवानगी देणारा कायदा लागू केला, तेव्हा अटीही तशाच घातल्या. अंगणात यायला बाहेरून वेगळी वाट हवी, तिथे अन्न तयार व्हायला नको, कुत्रा पट्ट्यावर हवा, तो खुर्चीवर चढायला नको, वाढणाऱ्याने त्याला हात लावायचा नाही. या अटी वाचताना डोळ्यांपुढे आपला ढाबाच येतो. रस्त्यावरून थेट अंगण, भटारखाना मागे, वर आभाळ. बांधणी मुळातच सोयीची आहे. आपल्याकडे कमी पडते ती कुत्र्यांची देखभाल.

घरचं कुत्रं ढाब्यावर गेलं की पहिला प्रश्न येतो हद्दीचा. ढाब्याची कुत्री ते अंगण आपलं मानतात आणि पट्ट्याने बांधलेल्या पाहुण्याला पळायला वाव नसतो. मालक पट्टा ताणून धरतो, तसं कुत्र्याचं अंग ताठ होतं, समोरच्याला ते आव्हान वाटतं आणि भांडण जुंपतं. कडेचं टेबल घ्यावं, पट्टा सैल ठेवावा, कुत्र्याला आपल्या आणि भिंतीच्या मध्ये बसवावं. दुसरा प्रश्न रोगांचा. पार्व्होचा विषाणू 1978 च्या सुमारास पहिल्यांदा ओळखला गेला. तो मातीत महिनोन् महिने टिकतो. पिलाचे लसीचे सगळे डोस साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत पूर्ण होतात. तोवर त्याला चार कुत्र्यांच्या अंगणात नेऊच नये, मग ते कितीही गोड दिसो. गोचीड तर बाजेच्या सुतळीत आणि भिंतीच्या फटीत दबा धरून असते. तिची मादी हजारोंनी अंडी घालते, चाव्यातून रोग शिरतो आणि ताप, नाकातून रक्त, गळालेली भूक अशी लक्षणं घेऊन कुत्रं काही आठवड्यांनी दवाखान्यात येतं. पाण्याचं भांडं घरून न्यावं. एकाच भांड्यात सगळ्यांची तोंडं गेली की खोकला पसरतो.

मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते ताटातल्या उरलेल्या अन्नाबद्दल, कारण सगळ्यांत मोठं नुकसान तिथे होतं आणि ते प्रेमापोटी होतं.

मराठवाड्याचा रस्सा कांद्यावर उभा असतो. भाजलेला कांदा, खोबरं, लसूण, काळा मसाला, वर तर्री. जेवण झाल्यावर हंडीत उरलेला रस्सा भाकरीवर ओतून कुत्र्याला घातला जातो. कांदा आणि लसूण यांतली गंधकयुक्त द्रव्यं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना इजा करतात आणि त्या पेशी फुटू लागतात. शिजवून, भाजून, वाळवून हा गुण जात नाही. कुत्र्याच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त कांदा एका वेळी पोटात गेला तर विषबाधेचा धोका धरावा लागतो. पंधरा किलोच्या गावठी कुत्र्याला हे प्रमाण 75 ग्रॅम, म्हणजे एक मध्यम कांदा होतं. एका हंडीच्या मसाल्यात त्याहून जास्त कांदा सहज असतो. लक्षणं त्याच रात्री दिसत नाहीत, हा यातला फसवा भाग. दोन ते पाच दिवसांनी कुत्रं मलूल होतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी कॉफीच्या रंगाची होते. तोवर ती हंडी कुणाच्या लक्षात राहिलेली नसते. मालक म्हणतो, कावीळ झाली असेल. ढाब्याच्या कुत्र्याकडे तर तेवढंही लक्ष जात नाही. ते एखाद्या कोपऱ्यात पडून राहतं आणि थोड्या दिवसांनी दिसेनासं होतं.

मग हाडकं. कच्चं हाड चिवट असतं, शिजलेलं कोंबडीचं हाड मात्र सुईसारख्या कपच्यांनी फुटतं आणि घशात, आतड्यात रुततं. जेवणानंतरच्या गोडाचाही विचार करावा: चॉकलेटातलं थिओब्रोमाइन कुत्र्याच्या शरीराबाहेर फार हळू पडतं आणि हृदयावर ताण आणतं, मनुकांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, साखरविरहित च्युइंगमातलं झायलिटॉल रक्तातली साखर एकदम खाली आणतं. कुत्र्याला द्यायचंच असेल तर कोरडी भाकरी, ताक किंवा वाढण्याआधी बाजूला काढलेला बिनमसाल्याचा भात द्यावा. ढाब्याच्या मालकांना माझी विनंती अशी असते की खरकट्याच्या दोन बादल्या ठेवा, एक भाकरी-भाताची आणि दुसरी रस्सा-हाडकांची. पहिली कुत्र्यांना, दुसरी झाकण लावून घंटागाडीकडे. त्यासाठी एका बादलीपलीकडे खर्च नाही.

मटणाच्या ढाब्यांवर आणखी एक सवय दिसते, ती थेट माणसाच्या जिवाशी येते. बोकड कापल्यावर खराब निघालेली कलेजी, फुप्फुसं कच्चीच कुत्र्यांपुढे टाकतात. त्यांत पाण्याच्या फोडांसारख्या गाठी असतील तर त्या एका फीतकृमीच्या असू शकतात. कुत्र्याच्या आतड्यात त्या गाठीतून बारीक कृमी वाढतात, सहा-सात आठवड्यांत विष्ठेतून त्यांची अंडी बाहेर पडू लागतात आणि माती, हात, नीट न धुतलेली कोथिंबीर असं करत ती माणसाच्या पोटात जातात. मग माणसाच्या यकृतात तशीच गाठ वर्षानुवर्षं वाढत राहते आणि बऱ्याचदा शस्त्रक्रियेशिवाय इलाज उरत नाही. हे चक्र तोडणं अगदी सोपं आहे. खराब अवयव खोल पुरावेत किंवा अर्धा-पाऊण तास उकळावेत आणि कुत्र्यांना वर्षातून चार वेळा प्राझिक्वांटेलची गोळी भाकरीत घालून द्यावी.

संत नामदेवांची कथा या भागात लहान मुलालाही ठाऊक असते. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. नामदेवांचं नरसी आज हिंगोली जिल्ह्यात आहे. 1 मे 1999 ला हिंगोली वेगळा होईपर्यंत ते परभणी जिल्ह्यातच होतं. कुत्र्याला घास घालणं आपल्याकडे पुण्याचं मानलं गेलं आहे. पण कथेतल्या त्या धावण्याकडे बघा. भाकरी तर कुत्र्याला मिळाली होती. ती त्याच्या पोटाला कशी लागेल, याची काळजी नामदेवांना होती.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. परभणीत एप्रिल-मे महिन्यांत पारा 42 अंशांच्या वर जाणं नेहमीचं आहे. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, ते धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतं. त्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं आणि ते 106 च्या पुढे गेलं की मेंदू, मूत्रपिंडं, रक्त सगळंच धोक्यात येतं. 2003 मधल्या एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत झळकल्यावर घरोघरी पोचलेला पग चपट्या नाकामुळे नीट धापाही टाकू शकत नाही. मे महिन्यात त्याला ऊन उतरण्याआधी बाहेर काढू नये, आणि गाडीत काचा लावून तर पाच मिनिटंही ठेवू नये. हवा 31 अंशांवर असताना उन्हातली डांबरी सडक साठीच्या घरात तापलेली असते. आपली 42 ची दुपार त्यावरून ताडून पाहावी. तळहाताची मागची बाजू सात सेकंद रस्त्यावर टेकवता आली नाही, तर कुत्र्याला तिथून चालवू नये. ढाब्याच्या कुत्र्यांसाठी सावलीत मातीचं कुंड भरून ठेवावं. वीस किलोच्या कुत्र्याला एरवीही दिवसाला लिटरभर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट.

आता रेबीज. लक्षणं दिसल्यावर हा रोग जवळजवळ कुणालाच सोडत नाही आणि वेळेवर लस घेतली तर तो जवळजवळ शंभर टक्के टळतो. चावल्यावर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना-मिरची काही लावायचं नाही आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. जखम खोल असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही घ्यावं लागतं. ढाब्यावर हमखास ऐकू येतं, "काहीच करत न्हाई ते, बसा तुम्ही." ते खरंही असतं, बहुतेक दिवशी. पण कुत्र्याच्या लाळेत विषाणू लक्षणांच्या काही दिवस आधीच येतो, तोवर ते शेपूट हलवतच असतं. म्हणूनच चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायला सांगतात. रस्त्यावरचं अनोळखी कुत्रं दुसऱ्या दिवशी सापडत नाही, ढाब्याचं मात्र तिथेच असतं. ते कधी आलं, कुणाला किती पिल्लं झाली, कोण परवापासून जेवलं नाही, हे तिथल्या पोऱ्यालाही माहीत असतं. रोगनियंत्रणाच्या दृष्टीने ही माहिती मोलाची आहे, आणि आज ती कुणी विचारत नाही.

2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रात पावणेतेरा लाखांच्या आसपास भटकी कुत्री नोंदली गेली. एखाद्या भागातल्या सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते, हे जगभर मानलं गेलेलं प्रमाण आहे. केंद्र सरकारच्या कृती आराखड्यात त्यासाठी 2030 चं वर्ष धरलं आहे. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी नसबंदी आणि लसीकरणाची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात, पिसाळलेली किंवा हिंसक कुत्री वगळता, नसबंदी-लसीनंतर कुत्री मूळ जागी सोडण्याची मुभा दिली आणि त्यांना खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा नेमायला सांगितलं. 7 नोव्हेंबर 2025 ला शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं इथली कुत्री हलवून परत तिथे न सोडण्याचा आदेश आला. रस्त्याकडेचा ढाबा त्या यादीत नाही. तिथली कुत्री तिथेच राहणार आहेत, तेव्हा त्यांची व्यवस्थाही तिथेच लावावी लागेल.

परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय 1972 पासून आहे. विद्यार्थी आहेत, शिकवणारे आहेत, शीतपेटी आहे. 28 सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाला शहरातली पाळीव कुत्री रांगेत येतात, त्यांचे मालक जागरूकच असतात. त्याच आठवड्यात एक गाडी जिंतूर रस्त्याने आणि एक गंगाखेड रस्त्याने निघावी, प्रत्येक ढाब्यावर थांबावी. कुत्री पकडायला जाळं बहुधा लागणारच नाही, ज्याच्या हातची भाकरी ती खातात तोच त्यांना धरून देईल. लसीची दहा मिलिलिटरची कुपी दहा कुत्र्यांना पुरते. कुत्रं लहान असो की मोठं, मात्रा एकच मिलिलिटर. दोन ते आठ अंशांत ठेवलेली कुपी एकदा उघडली की त्याच दिवशी संपवावी लागते. म्हणून एकट्या ढाब्यासाठी ती उघडायला कुणी धजत नाही आणि 'नंतर बघू' म्हणत वर्ष निघून जातं. एकाच फाट्यावरच्या तीन ढाब्यांनी मिळून सांगितलं, तर एक कुपी दुपारच्या आत संपते. लस टोचलेल्या कुत्र्याच्या गळ्यात त्या वर्षाच्या रंगाचा पट्टा घालावा आणि ढाब्याच्या गल्ल्यात कुत्र्यांची नावं, तारीख आणि पुढच्या डोसचा महिना लिहिलेली वही ठेवावी. घरच्या कुत्र्याला घेऊन कुणी जेवायला आलं, तर टेबलावर बसण्याआधी त्याने ती वही मागून बघावी आणि आपल्या कुत्र्याचं लसीचं कार्डही ढाब्याच्या मालकाला दाखवावं.