गाडीत लेकराची जागा कोणती?

आपल्या वस्त्यांमधून आता दारापुढे चारचाकी गाडी उभी दिसू लागली आहे. कुणाची टुरिस्ट परमिटची, कुणाची जुनी विकत घेतलेली, कुणाची पतपेढीच्या कर्जावर. ज्या समाजाला एके काळी रस्त्यावरून चालायची बंदी होती, त्या समाजाच्या दारात गाडी यावी ही आनंदाचीच गोष्ट आहे. गाडी घेताना आपण रंग पाहतो, अॅव्हरेज पाहतो, टायर दाबून पाहतो, कागदपत्रे तपासतो. परंतु घरातले पाच वर्षांचे लेकरू या गाडीत बसणार कुठे आणि कसे, हा प्रश्न आपण विचारत नाही आणि विकणाराही आपणहून काढत नाही.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. दोन वर्षांपूर्वी आम्हीही एक जुनी गाडी घेतली. शेजारचे एक भले गृहस्थ मोठ्या आपुलकीने लिंबू-मिरची घेऊन आले. ती आम्ही नम्रपणे परत केली आणि त्यांना चहा पाजला. आमचा थोरला नववीत आहे. तो म्हणाला, "म्हणजे पप्पा, गाडीला काहीच बांधायचं नाही?" आम्ही म्हणालो, "गाडीला नाही बांधायचं. गाडीत बसणाऱ्यांना बांधायचं. पट्टा!" घरात हशा पिकला. पण खरोखर पट्टा बांधायला गेलो तेव्हा लक्षात आले, की आमच्या साडेपाच वर्षांच्या धाकटीला तो बसतच नाही. वरचा पट्टा थेट गळ्यावर येत होता आणि खालचा पोटावर.

मातोश्री म्हणाल्या, "कशाला त्या लेकराला फास लावता? आण इकडं, मी घेते मांडीवर. तुम्ही भावंडं अशीच वाढली."

मातोश्रींचे म्हणणे मायेचे होते आणि बहुतेक घरांत हेच म्हटले जाते. त्यावर वाद घालण्यापेक्षा आम्ही कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. शेवटी आम्ही बी.कॉम. माणूस, आकड्यांवरच आमचा विश्वास. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जात आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. समोर काही आडवे आले आणि गाडी सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे १४ पट जोर येतो. धाकटीचे वजन १८ किलो. म्हणजे मांडीवर बसलेल्या आजीला त्या क्षणी अडीचशे किलोंचा भार धरून ठेवावा लागेल. सिमेंटच्या पाच गोण्या! पैलवानालाही ते जमायचे नाही. शिवाय आजीने स्वतः पट्टा बांधलेला नसेल, तर तिचाही भार त्या लेकरावर येणार.

मातोश्रींनी कागद पाहिला नाही, पण पाच गोण्यांचे त्यांना लगेच पटले. त्यांनी उमेदीच्या वयात बांधकामावर गोण्या वाहिल्या आहेत. रात्री जेवताना त्यांनीच विचारले, "मग त्या पोरीच्या खुर्चीचं काय ठरलं?"

ही खुर्ची म्हणजे बूस्टर सीट. नाव मोठे असले तरी कल्पना साधी आहे. तीन ठिकाणी अडकणारा आजचा पट्टा १९५९ साली व्होल्वो कंपनीतील निल्स बोलिन या अभियंत्याने तयार केला. तो प्रौढ माणसाच्या मापाचा आहे. लहान मूल त्या मापात बसत नाही, म्हणून मुलालाच थोडे उंच करायचे. याच कंपनीने १९७८ साली मुलांसाठी अशी उंच बैठक आणली. बूस्टर स्वतः मुलाला धरून ठेवत नाही. धरतो तो गाडीचाच पट्टा. बूस्टरचे काम पट्टा योग्य जागी आणण्याचे. योग्य जागा म्हणजे खालचा पट्टा मांड्यांच्या वरच्या टोकाला, कमरेच्या हाडावर, आणि वरचा पट्टा खांद्याच्या मधोमध. हाड जोर सोसते. पोटात हाड नाही, तिथे आतडी, यकृत, प्लीहा असे नाजूक अवयव आहेत. पट्टा पोटावर राहिला तर वाचवणारा पट्टाच इजा करतो.

दुकानात गेलो तेव्हा दोन प्रकार दिसले. एक नुसता ठोकळा, पाटासारखा. तो स्वस्त. दुसरा पाठ आणि डोक्याला बाजूंनी आधार असलेला. तो महाग. दुकानदार म्हणाला, "साहेब, स्वस्तातला न्या, काम तेच." आमच्या सौभाग्यवती ऐकणाऱ्यातल्या नाहीत. त्यांनी धाकटीला आळीपाळीने दोन्हींवर बसवले आणि नंतर गाडीत नेऊनही बसवून पाहिले. दुकानदाराच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण हे करायलाच हवे. प्रत्येक गाडीची सीट आणि पट्ट्याची जागा वेगळी असते. दुकानातल्या फळीवर छान दिसणारी खुर्ची आपल्या गाडीत डुगडुगू शकते.

ठोकळ्यावर धाकटी उंच झाली खरी, पण वरचा पट्टा मानेकडेच सरकत होता. पाठीच्या खुर्चीत खांद्याजवळ पट्टा ओवायची खाच असते, त्यामुळे तो जागेवर राहिला. तिची उंची १०८ सेंटिमीटर. युरोपच्या नियमांत २०१७ पासून नव्याने मान्यता मिळणाऱ्या बिनपाठीच्या ठोकळ्यांसाठी मूल १२५ सेंटिमीटरपेक्षा उंच असावे लागते. म्हणजे आमच्या धाकटीसाठी पाठीचीच खुर्ची हवी, हे आकड्यानेही ठरले.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आराम म्हणजे चैन, असे आपल्याला शिकवले गेले आहे. कष्टकऱ्याच्या पोराला कसला आराम, असे आपणच म्हणतो. परंतु या बाबतीत आराम आणि सुरक्षा एकच आहे. मोठ्यांच्या सीटवर मुलाचे गुडघे कडेपर्यंत पोहोचत नाहीत. पाय सरळ राहिले की अवघडतात, म्हणून मूल पुढे घसरते आणि पट्टा कमरेवरून पोटावर चढतो. मान टोचली की ते पट्टा काखेखाली घेते किंवा पाठीमागे टाकते. झोप लागली की डोके बाजूला कलंडते आणि सगळे अंग पट्ट्याबाहेर जाते. ज्या खुर्चीत मूल तासभर सुखाने बसेल, तीच खुर्ची त्याला तासभर सांभाळेल. म्हणून आम्ही पाहिले ते असे : बैठक पुरेशी रुंद आहे का, गुडघे सहज वाकतात का, झोपेत डोके टेकायला दोन्ही बाजूंनी आधार आहे का, पाठ उंचीप्रमाणे वर सरकते का, आणि कापड काढून धुता येते का. आपल्याकडचा उन्हाळा आणि लेकरांचे खाणे पाहता शेवटचा मुद्दा क्षुल्लक नाही.

खुर्चीच्या मागे किंवा खाली मान्यतेचे लेबल असते. युरोपीय मान्यतेच्या लेबलावर वर्तुळात इंग्रजी ई हे अक्षर असते आणि आर ४४ किंवा आर १२९ असा नियम क्रमांक असतो. भारतातल्या मानकाचा क्रमांक ए.आय.एस. ०७२. त्यावर किती किलोच्या किंवा किती उंचीच्या मुलासाठी ती खुर्ची आहे तेही लिहिलेले असते. मुलाचे वय सांगून खरेदी करू नये, वजन आणि उंची मोजून न्यावी. लेबल नसलेली खुर्ची कितीही गुबगुबीत असली तरी ती उशीच समजावी. वापरलेली घ्यायची तर ओळखीच्या घरातली, आणि कधीही अपघातात न सापडलेली असावी. बाहेरून न दिसणारी चीर आतून असू शकते.

आम्ही फार महागडी घेतली नाही आणि अगदी स्वस्तातलीही नाही. मध्यम मार्ग! तरी साडेचार हजार गेले. कुणी म्हणेल, एवढे पैसे? पण जुन्या गाडीला सीट कव्हर आणि स्पीकर बसवताना आपण एवढे खर्चतोच. जयंतीला डीजेसाठी वर्गणी देतानाही आपण मागेपुढे पाहत नाही.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात स्वतःचे अनुभव सांगितले आहेत. त्यातले दोन वाहनाचे आहेत. १९०१ साली ते लहान असताना साताऱ्याहून वडिलांना भेटायला गोरेगावी निघाले. मसूर स्टेशनवर उतरल्यावर ही महाराची मुले आहेत हे कळताच कुणी बैलगाडीवाला न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन गाडी मिळाली, पण गाडीवान पायी चालला आणि गाडी मुलांनाच हाकावी लागली. दुसरा प्रसंग १९२९ सालचा, चाळीसगावचा. टांगेवाल्यांनी त्यांचा टांगा हाकायला नकार दिला. पाहुण्याने पायी यावे हे वस्तीतल्या लोकांना कमीपणाचे वाटले, म्हणून त्यांनी टांगा भाड्याने घेतला आणि टांगा हाकण्याची सवय नसलेला आपलाच एक माणूस बसवला. पुलावर टांगा अडकून उलटला, घोडा टांग्यासकट नदीत गेला आणि बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले. त्यांचा पाय मोडला. आपला मान राखण्यासाठी या लोकांनी आपला जीवच धोक्यात घातला, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला आहे.

हे वाक्य प्रत्येक गाडीवाल्याने मनात ठेवावे. गाडी आपण मानासाठी घेतो आणि त्यात गैर काही नाही. पण मान मिळवताना जीव विसरायचा नसतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. गाडी महागडी होती. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा बांधला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. गाडीची किंमत कामी आली नाही.

ज्यांच्याकडे गाडी नाही किंवा खुर्ची परवडत नाही, त्यांनीही हताश होऊ नये. मूल नेहमी मागच्या सीटवर बसवावे, एअर बॅग असलेल्या पुढच्या सीटवर नाही. एका पट्ट्यात दोन मुले बांधू नयेत. खाली उशी किंवा घडी घातलेली गोधडी ठेवून बूस्टर होत नाही, ती ऐनवेळी घसरते. जुन्या गाडीत मागे मधोमध नुसता कमरेचा पट्टा असतो. तिथे बूस्टर लावू नये, बाजूच्या जागेवरच लावावा. मूल नसताना रिकामा बूस्टरही पट्ट्याने बांधून ठेवावा. चैत्यभूमीला, दीक्षाभूमीला किंवा लग्नाला गाडी भाड्याने ठरवताना मागच्या पट्ट्यांची चौकशी आधी करावी आणि पट्टे तेवढीच माणसे बसवावीत. चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याशिवाय किंवा मुलांच्या सुरक्षित आसनाशिवाय नेले तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार मोटार वाहन कायद्यात एक हजार रुपये दंड आहे. मोटारसायकलवर चार वर्षांखालील मुलासाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून सुरक्षा पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा लागू आहे. पण हे दंडाच्या भीतीने करायचे नाही.

धम्मपदात अप्रमादावर एक स्वतंत्र वग्ग आहे. अप्रमाद म्हणजे जागरूकता, गाफील न राहणे. नशिबात असेल ते होईल असे म्हणणे आपण सोडून दिले आहे. मग आपल्या लेकराचे रस्त्यावर काय होईल हेही नशिबावर सोडून चालणार नाही. गाडी सुरू करण्याआधी मागे वळून पाहावे. पट्टा खांद्यावर आहे ना, कमरेवर आहे ना, लेकराची पाठ टेकली आहे ना, एवढे पाहावे आणि मगच किल्ली फिरवावी. याला अर्धे मिनिटही लागत नाही.

जयभीम.