सातारची शाळा, सांगलीचे घर

७ नोव्हेंबर आला की पावले सातारकडे वळतात. १९०० साली याच दिवशी परमपूज्य बाबासाहेबांचे नाव तेथील सरकारी हायस्कूलमध्ये दाखल झाले. आज ते प्रतापसिंह हायस्कूल. 'भिवा' या नावाची नोंद असलेले रजिस्टर शाळेने जपून ठेवले आहे. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. शाळेला आणि माता भीमाईंच्या समाधीला वंदन करून मी दुपारच्या एसटीने सांगलीला निघालो.

उंब्रज, कराड, पेठ नाका, आष्टा. दोन्ही बाजूंना ऊस. एका तोडलेल्या फडात पाचट पेटवले होते. धूर शिरताच लोकांनी खिडक्या ओढल्या. मला भाचीचा सात वर्षांचा मुलगा आठवला. त्याला बाळदमा आहे.

घरी पोहोचलो तर विद्यार्थी दिनालाच मुलगा घरात! "मामा, शाळेत धाप लागली तर कोण बघणार? आठ दिवस पाठवलाच नाही," भाची म्हणाली. पंप फडताळात कापडात गुंडाळलेला. पंपाची सवय लागते, असे शेजारणीने सांगितलेले. कोजागिरीच्या रात्री खिरीतले औषधही देऊन झाले होते.

दुसऱ्या दिवशी सगळे मिरजेच्या सरकारी रुग्णालयात गेलो. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावले. दम्यात श्वासनळ्या आतून सुजतात, आवळतात. पंपातले औषध थेट तेथेच पोहोचते, म्हणून थोडेच पुरते; त्याची सवय लागत नाही. एक पंप रोजचा, सूज उतरवणारा. बरे वाटले तरी विचारल्याशिवाय तो बंद करायचा नाही आणि घेतल्यावर चूळ भरायची. दुसरा, धाप लागल्यावर लगेच आराम देणारा. पंप हलवून स्पेसरच्या नळीला लावायचा, एकदाच दाबायचा, मुलाने पाच-सहा श्वास सावकाश घ्यायचे. मग पुन्हा हलवून पुढचा दाब. किती वेळा, ते त्यांनी कागदावर लिहून दिले. बोलताना शब्द तुटू लागले, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, ओठ निळसर पडले किंवा पंपाने उतार पडेना, तर वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करायचा, मुलाला बसते ठेवायचे आणि गाडी येईपर्यंत कागदाप्रमाणे पंप देत राहायचे.

मग बाईंनी भाचीकडूनच ते करून घेतले. पहिल्यांदा तिचा हात थरथरला. तिसऱ्यांदा तिने नीट दिले. जावई हळदीच्या पेठेत हमाल. धुळीचे कपडे बाहेर उतरवून, हातपाय धुऊनच मुलाला जवळ घ्यायचे, हे त्यांनी आपणहून ठरवले.

सातारचे डॉ. नरेंद्र दाभोलकर याच मिरजेत डॉक्टरी शिकले. विचारून, तपासून मगच विश्वास ठेवा, हे सांगत ते गावोगाव फिरले आणि २०१३ साली त्यासाठीच त्यांना प्राण द्यावे लागले. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्या घरांना तर ही शिकवण नवी नाही.

सोमवारी मुलगा शाळेत गेला. दप्तरात पंप आणि स्पेसर. कागदाची एक प्रत भाचीने स्वतः वर्गशिक्षिकेच्या हाती दिली. माता-पित्यांनो, वर्गापासून वेगळे, गोणपाटावर बसावे लागले तरी भिवाची शाळा सुटली नाही. आपल्या लेकराची शाळा धापेच्या भीतीने सुटू देऊ नका. पंप फडताळातून बाहेर काढा.