वडिलोपार्जित भेग

घरमालक व्हावे असे मला कधीच वाटले नव्हते. घरपट्टीच्या पावतीवर नाव असणे, एवढाच माझा मालकीशी संबंध. पण वडील गेले, आम्ही पुण्याचे झालो आणि वरवट बकालचे घर एका शाळामास्तरांना भाड्याने दिले. ते पाहायला जायचे म्हणजे शेगावपर्यंत रेल्वे, पुढे एस.टी. पोचेपर्यंत तपासणीची उमेद संपते, फक्त चहाची उरते.

"बाबा, हल्ली तपासणी मोबाइलवर करतात," असे म्हणून चिरंजीवांनी एक अ‍ॅप आणले. मास्तर राहायला आले ते ऐन ऑगस्टात. तेव्हा चिरंजीवांनी स्वतः जाऊन भिंतींचे, नळांचे, कड्याकोयंड्यांचे ११२ फोटो काढले. प्रत्येकावर तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश. आमच्या लग्नाचेसुद्धा इतके फोटो नाहीत.

मे महिन्यात पहिली तपासणी ठरली. मुंबई-पुण्याच्या घरमालकांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे २८ वे कलम सांगते, की घर पाहायचे तर आधी कळवा आणि वाजवी वेळी जा. मीही आदल्या दिवशी रीतसर कळवले. मास्तरांनी फोन हातात धरला आणि मी पुण्यात खुर्चीत बसून स्वतःच्या घरात शिरलो.

नळाच्या तोटीवर पांढरे थर दिसले. 'भाडेकरूची हयगय,' चिरंजीवांनी टिपले. मी म्हटले, "अरे, तो पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. जमिनीतले पाणीच खारट. त्याला मास्तर काय करणार?"

मग मधली खोली आली आणि मी गप्प झालो. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी, बोटभर रुंद भेग! ऑगस्टच्या फोटोत भिंत अगदी धड. चिरंजीव खूश झाले. पुरावा सापडला की माणसाला आनंद होतोच. "अनामतीतून पाच हजार कापा," ते म्हणाले.

मास्तरांचा चेहरा पडद्यावर एवढासा झाला. "काका, खिळासुद्धा ठोकला नाही हो आम्ही." पगारदाराला पाच हजार म्हणजे काय, हे मी नोकरी करूनच शिकलो होतो. पण फोटो होता ना! तारखेसकट!

तेवढ्यात शेजारच्या आजी पडद्यात घुसल्या. त्यांना कोणी आधी कळवलेले नव्हते.

"कारे बापू, तुया बापाच्या येळची भेग हाय ते! उन्हायात फाकते, पावसायात मिटते. इसरला काय?"

विसरलो होतो खरा. आमची जमीन काळी, कपाशीची. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाची एक चिकणमाती असते. ती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसते. पाया उथळ असला, की वरची भिंत फाटते. अशा मातीसाठी रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने बुडाशी फुगवटा असलेले खांब शोधून काढले. आमच्या पायाला गवंड्याने नारळ फोडला होता. वडील दर दिवाळीला भेगेत सिमेंट भरीत आणि चैत्रात ते सुटे. अ‍ॅपला तारीख कळत होती, ऋतू कळत नव्हता. आणि मला, त्याच घरात वाढून, दोन्ही कळले नव्हते.

मग आणखी एक आठवले. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्या भेगेत पाच पैशांची चौकोनी नाणी टाकीत असे, भिंत गिळते की नाही ते पाहायला.

"मास्तर, जरा आत बॅटरी मारा बरं."

त्यांनी मारली. खोल आत काहीतरी पांढुरके चमकले. मास्तर हसले, आजी हसल्या. मला मात्र चष्मा पुसावा लागला.

अनामत पुरी राहिली. शेवटी अ‍ॅपने विचारले, 'नुकसान कोणाकडून?' पर्याय दोनच: मालक आणि भाडेकरू. काळ्या मातीला रकाना नव्हता. मी 'मालक'वर बोट ठेवले आणि शेऱ्यात लिहिले:

'भेग वडिलोपार्जित. आत मालकाचे पाच पैसे जमा.'