दुपारचा ओझोन

उंच आकाशातला ओझोन आपल्याला जपतो, पण जमिनीलगतचा छातीला त्रास देतो. तो कुठल्या धुराड्यातून निघत नाही. पेट्रोल, थिनर, ऑइलपेंट यांची वाफ आणि गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड उन्हात एकत्र आले की तयार होतो. म्हणून आमच्या वाकडच्या भूमकर चौकात कोंडी सकाळ-संध्याकाळची, ओझोन मात्र बहुधा दुपारी चढतो. (मी कॉमर्सवाली, आकडा लक्षात राहतो: सरकारी मर्यादा 8 तासांच्या सरासरीला घनमीटरमागे 100 मायक्रोग्रॅम.)

जाऊबाईंना दमा आहे. तरी वैशाखातही दुपारी तीनच्या स्वाध्यायाला चालत निघायच्या. “मुहपत्ती बांधते की!” म्हणाल्या. अहो, तिच्याने वायुकायाचे जीव जपले जातात, ओझोन कसा अडेल? शेवटी मंडळाने उन्हाळ्यापुरता स्वाध्याय सकाळी आठला ठेवला.